आज बातमी नाही, असं सांगणारा फोन

परराष्ट्र धोरणावर माझं मत विचारायला आजवर कोणी आलेलं नाही. तरीही बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी ते रोज सकाळी देत आलोय. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या गेटाशी एक बाक आहे. तिथे पेपर उघडला की सुरुवात आमच्या पाण्याच्या वेळेपासून होते, मग पालिका, मग दिल्ली, आणि चहाची वेळ होईपर्यंत आम्ही चार-पाच जण समुद्रापलीकडे पोचलेलो असतो.

या बाकावर एक गृहस्थ येणं बंद झालं होतं, ते माझ्यामुळे. ते आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांची सगळी नोकरी ठाण्याला कलेक्टर ऑफिसात गेली. त्यांची मतं माझ्या अगदी उलट. गेल्या निवडणुकीत सोसायटीच्या ग्रुपवर आमचं वाजलं आणि मी लिहून बसलो, ‘आयुष्यभर फायली दाबून ठेवणाऱ्यांनी आम्हाला लोकशाही शिकवू नये.’ त्यानंतर लिफ्टमध्ये भेटलो तरी दोघंही मजल्यांचे आकडे बघत उभे राहायचो.

त्या दिवसांत एका देशाच्या नौदलाने स्वतःच्या किनाऱ्याजवळून जाणारी मालवाहू जहाजं अडवायला सुरुवात केली होती. त्यांचं भांडण दुसऱ्याच कुणाशी होतं, जहाजं मात्र सगळ्यांची सापडत होती. मी बाकावर निकाल देऊन टाकला, “आपण दोन युद्धनौका पाठवायला हव्यात. सुतासारखे सरळ येतील.” सगळ्यांनी माना डोलावल्या.

चार दिवसांनी माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती कल्याणला एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता एक मुलगा जहाजावर इंजिनीअर.

“दादा,” ती म्हणाली, “त्याचं जहाज पकडलंय.”

मी रिक्षाने कल्याणला पोचलो तेव्हा तिच्याकडे टीव्ही चालू होता आणि त्यावर कुणी एक तज्ज्ञ तावातावाने सांगत होते की त्या देशाला आता धडा शिकवला पाहिजे. वाक्य न् वाक्य माझं. बहीण माझ्याकडे बघून म्हणाली, “हे असं बोलले, आणि तिकडे त्यांनी ते ऐकलं, तर?” मी टीव्ही बंद केला. नकाशावर बोट ठेवून बोलणं वेगळं आणि त्या बोटाखाली आपलं माणूस असणं वेगळं, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं.

जहाजाच्या कंपनीकडून एकच उत्तर मिळत होतं, आम्ही प्रयत्न करतोय. कुठे जायचं, कुणाला विचारायचं, काही सुचेना. बहिणीला डोंबिवलीला आमच्याकडे घेऊन आलो आणि अर्ज लिहायला बसलो. तेवढ्यात बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, हातात कोरे कागद आणि एक फाईल.

“वॉचमनकडून कळलं,” ते म्हणाले. “पासपोर्टची झेरॉक्स आहे का? आणि जहाजाचा नोंदणी क्रमांक?”

त्यांनी माझा अर्ज वाचला. “हे ‘सरकार झोपा काढतंय का’ काढून टाका. खरं असेल, पण अर्जात त्याचा उपयोग नाही. वाचणारा तिथेच अडकतो आणि मुलाचं नाव वाचायचं राहतं.”

“अहो, मी तुम्हाला तेव्हा ग्रुपवर जे...”

“ते नंतर. मुलाची जन्मतारीख सांगा.”

दुसऱ्या दिवशी बहीण, हे तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी आणि मी, असे तिघं ठाण्याला कलेक्टर ऑफिसात गेलो. शेजाऱ्यांनी नेमकं कुठल्या खोलीत जायचं ते सांगितलं. टेबलामागे माझ्या मुलीच्या वयाच्या एक अधिकारी होत्या. समोर ही गर्दी. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचले आणि बहिणीला म्हणाल्या, “काकू, खोटं सांगत नाही. त्याला सोडवणं माझ्या हातात नाही. हे मी आजच मंत्रालयात आणि दिल्लीला पाठवते. आणि मला जे कळेल ते तुम्हाला रोज संध्याकाळी सहाला कळवते.”

“रोज?” बहिणीने विचारलं.

“रोज.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “हे बोलायला ठीक आहे.”

सहाला फोन आला. “काकू, कागद दिल्लीला पोचलेत. अजून बातमी नाही.” दुसऱ्या दिवशीही आला. “आज बातमी नाही. जेवलात का?” तिसऱ्या, चौथ्या दिवशी तेच. रविवारी येणार नाही असं मी धरून चाललो होतो, तर रविवारीही आला. मागे सनई आणि बायकांचा गलका ऐकू येत होता. बहिणीने विचारलं, “कुठे आहात हो?” “भावाची हळद आहे, काकू. आज बातमी नाही, पण फोन करायचा ठरला होता ना.” फोन ठेवल्यावर बहिणीने पदर डोळ्यांना लावला. नऊ दिवसांत काहीही बातमी नव्हती, आणि त्या नऊ फोनांवर ती तगली.

मधल्या काळात पेपरात आपल्या सरकारचं निवेदन आलं, ‘आम्ही संबंधितांच्या संपर्कात असून परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत.’ एरवी मी या वाक्याची बाकावर सालटी काढली असती. त्या दिवशी ते चार वेळा वाचलं. कुणालाही न दुखावता, कुणालाही न चिडवता लिहिलेलं ते वाक्य वाचून मला हायसं वाटलं. शेजाऱ्यांना तसं सांगितलं तर ते हसले. “मिळमिळीत वाक्य लिहायलाच जास्त डोकं लागतं. मी जन्मभर तेच केलं.”

तेव्हा मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “काही फायली दाबल्याही गेल्या असतील हो माझ्या हातून. पण तुम्ही ते ग्रुपवर लिहायला नको होतं. माझी सून त्या ग्रुपवर आहे.”

दहाव्या दिवशी सहाची वाट न बघता दुपारीच फोन आला. आपल्या वकिलातीच्या लोकांना जहाजावर जाऊ दिलं होतं. सगळे सुखरूप होते. संध्याकाळी भाच्याचा आवाज ऐकायला मिळाला. पुढे बोलणी लांबली, पण महिना पुरा व्हायच्या आत जहाज सुटलं आणि भाचा घरी आला, दाढी वाढलेला, जरा वाळलेला.

कल्याणच्या घरात आमटी-भात खाता खाता त्याने सांगितलं, “मामा, आईशी बोलायला तीन मिनिटं दिलेली. पहाऱ्यावरचा माणूस पन्नाशी उलटलेला असेल. घड्याळ बघत शेजारी उभा होता. आई रडायला लागली, ते त्याला ऐकू गेलं. त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशात टाकलं आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. आम्ही वीसेक मिनिटं बोललो असू.”

“नाव काय त्याचं?” बहिणीने विचारलं.

“विचारायचं राहिलं गं.”

ती उठली आणि देवापुढे दिवा लावून आली. कोणासाठी ते आम्ही विचारलं नाही.

माझी मतं गळून पडली असं कुणी समजू नये. आमचा रस्ता वर्षात तिसऱ्यांदा खणलाय आणि त्याबद्दल माझे दोन अर्ज गेलेत. दिल्लीत चुकतं तेही मी बोलतो. पण सरकार म्हटलं की आता मला आधी एक खोली आणि त्यातलं माणूस दिसतं. आणि कुठल्याही देशाला धडा शिकवायची भाषा ओठांवर आली की मी जरा थांबतो.

आभाराचं पत्र शेजाऱ्यांनीच लिहून दिलं, चारच ओळींचं. बहीण, शेजारी आणि मी ते घेऊन ठाण्याला गेलो. आवक घेणाऱ्या कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला. “तक्रार कुठे आहे यात?”

“नाहीये,” शेजारी म्हणाले.

“मग कुठल्या शाखेला टाकू?”

शेवटी त्याने शिक्का मारला आणि आम्हाला आत सोडलं. अधिकारी मान खाली घालून काहीतरी लिहीत होत्या, समोर पाच-सहा माणसं उभी. आमचे चेहरे त्यांच्या लक्षात असायचं काही कारण नव्हतं. बहीण लाडवांचा डबा घेऊन मागेच थांबली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, जरा वेळ आहे का?”

आवाज ऐकल्याबरोबर त्यांनी मान वर केली. “काकू? जेवलात का?”

त्या खुर्चीवरून उठून आल्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले, आणि मी नि शेजारी भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा उगाच निरखत उभे राहिलो.