आप्पांचं खेचर

रस्त्यात म्हैस थांबली की आमचे शेजारी दत्तू आप्पाही थांबायचे. कुणी तिला हाकायला काठी उचलली की म्हणायचे, "जनावर उगंच थांबत न्हाय. त्याला काय दिसलंय, तुला काय ठावं?" मुरगूडजवळचं आमचं गाव यावर पोट धरून हसायचं. मीही हसायचो.

आप्पा फौजेत खेचरांवर होते. कारगिलच्या लढाईत त्यांची खेचरं पाठीवर दारूगोळा घेऊन डोंगर चढायची. त्यानंतर ते पेन्शनीत आले. खेचरांच्या खोड्या रंगवून सांगायचे, लढाईबद्दल मात्र चकार शब्द नाही.

पुराच्या वर्षी माझी सहा वर्षांची मुलगी तापानं फणफणली, आकडी येऊ लागली. डॉक्टर ओढ्यापलीकडे आणि फरशी पुलावरून गुडघाभर पाणी. आप्पांनी बैलगाडी जुंपली. पुलाच्या तोंडाशी बैल अडले. बायकोच्या मांडीवर पोरीचे डोळे पांढरे झालेले. मी चाबूक उचलला, तोच आप्पांनी माझं मनगट धरलं.

"मारू नका मास्तर."

"आप्पा, पोरगी जाईल माझी."

त्यांनी मनगट सोडलं नाही. "कारगिलात त्या दिवशी मी मारलं. वर पोरं गोळ्यांची वाट बघत हुती आन् खेचर बरफात अडलं. मी मारलं तवा फुडं गेलं. लगामाला माझा जोडीदार हुता. बरफ खचला. दोघंबी गेली."

गाडी वळवली. माळावरच्या वाटेनं दोन तास लागले. मी पोरीच्या नाकापाशी बोट धरून बसलो होतो आणि मनातल्या मनात म्हाताऱ्याला शिव्या घालत होतो. इतका मी जन्मात कधी घाबरलो नव्हतो. पोरगी वाचली, ते नशीब.

पाणी उतरल्यावर पूल बघायला गेलो. एक दगडसुद्धा हलला नव्हता. डोकं फिरलं. तडक आप्पांच्या दारात जाऊन तसं सांगितलं.

"नीट बघितलासा?" त्यांनी दोनदा विचारलं. मग मटकन खाली बसले. "म्हंजे जनावरबी चुकतंय की. म्हंजे त्या दिवशी खेचर अडलं तवा मला कळायलाच पायजे हुतं, असं न्हाय." आणि लहान पोरासारखे रडले.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पा गेले. मी रागात होतो म्हणून खरं बोललो. त्यांना बरं वाटावं म्हणून "पूल वाहून गेलाय, तुम्ही वाचवलंत" असं म्हणालो असतो तर? त्या विचारानं मला अजून धडकी भरते.