उतरलेला आकडा

राहुरीच्या एका लॅबमध्ये सीमा रक्त तपासायचं काम करते. कधीकाळी काय बडबडी पोरगी होती हो! डबा खाताना तिच्या हसण्यानं शेजारचा मेडिकलवाला डोकावून जायचा. आता ती डबा खाते, धुते, परत कामाला लागते.

लॅबच्या संगणकात एक प्रोग्राम आहे. लिव्हरच्या एन्झाइमचे आकडे आले, की जुन्या तपासणीशी ताडून तो शेरा लिहितो. मोठा शहाणा! सीमाचा धाकटा भाऊ सम्राट कावीळ होऊन घरी अंथरुणाला खिळला, तेव्हा ते आकडे हजारांत गेले होते. डॉक्टर म्हणाले, पुण्याला हलवा. गाडी दारात आली आणि तेवढ्यात सकाळच्या रक्ताचा रिपोर्ट निघाला. एन्झाइम निम्म्याहून खाली. शेरा हिरव्या अक्षरांत, 'लक्षणीय सुधारणा'.

सीमाला आभाळ ठेंगणं झालं. त्याच कागदावर खाली बिलिरुबिन, म्हणजे खुद्द कावीळ, वाढलेली होती. पण तिकडे बघतंय कोण? तिनं आईला फोन लावला.

"आई, आकडा उतरलाय!"

आपल्याकडे उतरते ती कावीळ. आईनं, सुमनबाईंनी, तेच ऐकलं. "उतरली व्हय? लई ग्वाड बोललीस बाई!" म्हणत त्यांनी गाडी परत पाठवली. संध्याकाळी सीमाला ते कळलं, तर तीही म्हणाली, झालं ते चांगलंच झालं.

दुसऱ्या दिवशी सम्राट कुणाला ओळखेना. पुण्याच्या वाटेवरच गेला.

लॅबच्या मॅडमनी नंतर समजावलं. लिव्हरच्या पेशी मरताना एन्झाइम रक्तात सांडतात. मरायला पेशीच उरल्या नाहीत, की आकडा पडतो. गिरणीतले दाणे संपले की पीठ यायचं थांबतं, तसं. सीमानं ऐकून घेतलं. तिला रडू आलं नाही. घरी जाऊन तिनं भांडी घासली. आईला हे सांगायला मात्र तिची जीभ काही उचलली नाही.

पुढं सुमनबाईंनाच जेवण जाईना, म्हणून त्या तपासायला आल्या. रक्त घ्यायला दुसरी मुलगी, ज्योती, पुढं झाली.

"न्हाई गं, माझी सीमाच घेईल," त्या म्हणाल्या. "सम्राटच्या वक्ताला डाक्टरनं नुसतं भ्या घातलं. धीर दिला तो हिनंच."

त्यांनी हात पुढे केला. सीमानं पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई घातली. नळी भरली, तिनं आईच्या नावाची चिठ्ठी लावली. मग पुढच्या माणसाला हाक मारली.