पाटलापुढं पायताण

"आवाज कुटाय तुजा? आं? अशानं गिरान सुटंल व्हय?"

पाटील ओट्यावरनं वरडला. मी सात-आठ वर्षांची असंन. वर सूर्याला गिरान लागलेलं. गिरान लागलं की आमी मांगवाड्यातल्या बायापोरांनी गावात दान मागत वरडत फिरायचं, गावानं वंजळीत धान्य टाकायचं, मग सूर्य सुटायचा. असा रिवाज. पाटलीण आयच्या पदरात लांबनं नाचणी फेकत व्हती, शिवाशिव नको म्हणून. निम्मी मातीत.

पाटलाकडं पाव्हणे आलेले. त्यांना गंमत दावायला त्यानं मला एकटीला अंगणाच्या कडंला उभं केलं. मी वरडले, "दे दान, सुटं गिरान!" म्हणला, आनखी मोठ्यानं. पुन्हा. पुन्हा. गळा सोलून निघाला. भ्यानं परकर वला झाला, तवा पाव्हणे पोट धरून हसले. आय खाली बसून मातीतली नाचणी येचत व्हती. तिनं मान वर केली न्हाई. आमच्या झोपडीची जागा पाटलाची. मान वर करून कुटं जाणार व्हती ती?

पुढं मावशीनं मला पुण्याला नेलं. कॅम्पात एका गोवेकर मास्तराच्या घरी धुणंभांडं. मास्तर हॉटेलात बँड चालवायचा, सोता ट्रंपेट वाजवायचा. घरी अमेरिकेतल्या काळ्या बायांच्या रेकॉर्डी लावायचा. मला एक अक्षर कळायचं न्हाई. पर त्या बाया कुटनं गातायत ते पोटात कळायचं. भांडी घासता घासता मी बी तसाच गळा लावायची. एक दिवस मास्तर मोरीच्या दारात येऊन उभा ऱ्हायला. मला वाटलं, गेली नोकरी. त्यो म्हणला, "बाय, परत म्हण."

अशी मी बँडची गाणारी झाले. झगा, उंच टाचांचं सँडल, ओठाला लाली. मास्तरनं ख्रिस्ती नाव दिलं. लोक टाळ्या वाजवायचे आन् मी दाराकडं बघायची. गावाकडचं कुणी आलं तर? हॉटेलवाल्याला कळलं तर? लई भ्या वाटायचं. गाण्याचं सुख असं मला लागलंच न्हाई त्या दिवसांत.

एका रविवारी दुपारचं बोलावणं आलं. पुण्याच्या एका शेठजींचा बंगला, मुळशीच्या धरणाकाठी. आमच्या गावाला लागूनच. मी मास्तरला म्हणले, ताप हाय. त्यानं कपाळाला हात लावला. "ताप नाय. गाडीत बस."

हिरवळीवर मंडळी बसलेली. मी गात व्हते, आन् फाटकातनं पाटील आला. बंगल्याची जागा त्यानंच इकलेली, म्हणून मानाचा पाव्हणा. त्यानं मला वळखलं नसतं हो! त्या पावडरीत, त्या झग्यात माझ्या आयनं वळखलं नसतं. पर पायांनी घात केला. पाटील दिसला आन् मी गाता गाता वाकून सँडल काढलं. पाटलापुढं आमच्यातलं कुणी पायताण घालून उभं ऱ्हात न्हाई. डोक्याला कळायच्या आत हातांनी काम केलं. गवतावर मी अनवाणी, सँडल हातात.

पाटील थांबला. डोळं बारीक केलं.

"आरं तिच्या! ही तर आमच्या मांगवाड्यातली!"

बँड बंद पडला. शेठाणीबाई म्हणाल्या, "अय्या, खरंच?" आन् मघाशी मी सरबत कुठल्या पेल्यातनं प्याले ते टेबलावर शोधायला लागल्या.

पाटील हसला. "गळा झकास हाय तिचा. ए पोरी, गिरान मागून दाव यांना."

"हो हो, म्हण ना," शेठजी म्हणाले. "मजा येईल."

न्हाई म्हणलं तर आय आजच उघड्यावर. मागितलं तर जन्मभर हेच मागायचं. तोंड उघडलं. आवाज फुटंना. मग फुटला.

"न्हाई. मी मागणार न्हाई."

"काय म्हणलीस?"

"न्हाई म्हणले, पाटील."

मास्तर ट्रंपेटकडं बघत ऱ्हायला. मी खाली बसून सँडल घातलं. बोटांना पट्टा सापडंना. सगळे बघत व्हते. शेवटी लागला एकदाचा. उठले आन् तशीच मांगवाड्यात गेले.

"आय, चल पुण्याला. आत्ता चल."

तिनं माझ्या पायाकडं बघितलं. "आगं काढ त्ये! गावातनं जायचंय, मारून टाकतील!"

"न्हाई काढत."

आय रडत, शिव्या देत मागनं आली. वाट पाटलाच्या ओट्यावरनंच. तितं त्याचे भाऊबंद बसलेले. एक जण उठून उभा ऱ्हायला. पर मी पाय उचलत ऱ्हायले.

झोपडी त्यांनी त्याच सांजला पाडली. हॉटेलातनं मला काढलं. दुसऱ्या हॉटेलात गेले, मालकाला खरं नाव सांगितलं, त्यो नको म्हणला. त्याच्या पुढच्यानं ठेवलं.

भ्या अजून वाटतं. माईकपुढं उभी ऱ्हायले की नजर दाराकडं जाते. तरी गायच्या आदी मी आयनं ठेवलेलं नाव सांगते. मग गाव. मग मांगवाडा. ज्याला उठून जायचंय त्यानं आत्ताच जावं, म्हणते. खुर्च्या सरकतात. त्यो आवाज थांबंपत्तुर मी लोकांच्या तोंडाकडं बघत उभी ऱ्हाते. मग गाते.