शिंदे सरांचं खाकी पाकीट

आमच्या स्टाफरूममध्ये किस्से साठतात ते खिडकीतल्या धुळीसारखे. आज पुसा, उद्या आहेतच! मी चाकूरजवळच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नवी नेमणूक. तास मिळाले तर मॅडम, न्हाई मिळाले तर बसा घरी. बारा वर्षं झाली, पण जून आला की मी नोटीस बोर्डासमोर उभी असतेच.

*

मराठीचे शिंदे सर आणि फिजिक्सचे बिराजदार सर, दोघांचं हाडवैर. पण भांडण एकदाही नाही. कारण दोघांच्या कपाटात एकेक खाकी पाकीट, लाखेनं बंद केलेलं. वर पत्ता नांदेडच्या वरिष्ठ कार्यालयाचा. आत म्हणे एकमेकांविरुद्ध तक्रार, की पेरणीच्या दिवसांत मस्टरवर सही असते आणि माणूस वावरात! एकानं पोस्टात टाकलं की दुसराही टाकणार, आणि चौकशी दोघांचीही लागणार. म्हणून दोघं रोज सकाळी एकमेकांना वाकून नमस्कार करायचे.

शीतयुद्धाचा धडा आला की वर्गातली पोरं नुसती स्टाफरूमकडं बघून हसायची. मला वेगळं उदाहरण द्यावंच लागलं नाही.

*

बिराजदार सरांच्या भाचेसुनेनं राज्यशास्त्रात एम.ए. केलं आणि माझा जीव टांगणीला लागला. तासवाटपाचं काम बिराजदार सरांकडं; माझे तास तिला जाणार, हे शिपाई गफूरमामासुद्धा सांगत होते. मी तडक शिंदे सरांकडं गेले. सर म्हणाले, "तुझे तास कापले ना, त्या दिवशी माझं पाकीट पोस्टात पडलं समज."

झाले मी छत्रीखाली!

योगायोग बघा, त्याच आठवड्यात मी आण्विक छत्री शिकवत होते. मोठा देश लहान मित्राला सांगतो, तुझ्यावर कुणी हल्ला केला तर माझे बॉम्ब तुझ्यासाठी, तू स्वतःचा बनवत बसू नको. देवणीकडची एक पोरगी उठली. "मॅडम, मित्रासाठी कोन आपलं गाव जाळून घेतंय? आमच्याकडं सख्खा भाऊ बी येत न्हाई."

तास संपला तशी मी परत शिंदे सरांच्या टेबलापाशी उभी. "सर, नक्की ना?" सरांना राग आला. पण दुसऱ्या दिवसापासून बिराजदार सर समोर आले की शिंदे सर कपाटातलं पाकीट काढून चहाच्या कपाशेजारी ठेवायला लागले. मित्राचा विश्वास बसावा म्हणून मोठे देश आपली जहाजं आणून किनाऱ्याला उभी करतात, त्यातलाच हा प्रकार.

*

मग तपासणी समिती येणार असं कळलं आणि प्राचार्य घाबरले. दोन्ही पाकिटं फाडून टाका म्हणाले. विषय माझा, म्हणून मध्यस्थ मी.

बिराजदार सर म्हणाले, आधी त्यांनी फाडावं. शिंदे सर म्हणाले, आधी त्यांनी. मी म्हटलं, दोघं एकदमच फाडा. पटलं. पण आत खरा अर्ज आहे की रद्दी, हे कसं कळणार? त्यासाठी उघडून बघावं लागणार. उघडलं की प्राचार्य वाचणार. झेरॉक्स घरी ठेवली नसेल कशावरून? तीन वेळा चहा झाला. कुणीतरी मोठ्या मनानं पहिलं पाऊल उचलावं, असं मी जीव तोडून सांगितलं. एवढी शिकलेली माणसं, आणि साधं हे समजू नये?

कप गोळा करता करता गफूरमामांनी विचारलं, "मॅडम, हे निःशस्त्रीकरण पेपरात किती मार्काला असतंय?"

"पाच."

"बराबर हाय. जास्त नका देऊ."

बैठक मोडली. आणि खरं सांगते, सगळ्यांत जास्त हायसं मला वाटलं.

*

मे महिन्यात शिंदे सर रिटायर झाले. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. सरांनी मला कपाटापाशी बोलावून पाकीट हातात दिलं. "माझी पेन्शन मंजूर व्हायचीय, तवर बिराजदारचं पाकीट जिवंतच हाय. म्हणून हे फाडायचं न्हाई. आता तुझं तू बघ. पण उघडू नको."

घरी पोचले आणि आधी उघडलं. आत तीन कोरे कागद! घडी मात्र अगदी नीट घातलेली. एवढे दिवस मी ह्याच्या भरवशावर होते, म्हणून मला रडूच आलं. मग बाजारात जाऊन लाखेची कांडी घेऊन आले.

*

जूनची तासवाटपाची बैठक. बिराजदार सरांच्या फायलीत भाचेसुनेचा अर्ज वरच दिसत होता. मी पर्समधून पाकीट काढलं आणि चहाच्या कपाशेजारी ठेवलं, पत्ता त्यांच्याकडं करून.

बिराजदार सरांनी पाकिटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. फाईल मिटली. "मॅडमचे तास हायेत तसेच राहू द्या," म्हणाले.

व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. हातात त्यांचंही पाकीट होतं, कडा पार झिजलेल्या. चेहरा दमलेला दिसत होता. "मॅडम, लई वर्षं झाली हे. तुम्ही तर पोरांना हेच शिकवता. चला, दोघं मिळून फाडून टाकू."

गफूरमामा कचऱ्याची बादली घेऊन समोरच उभे होते. मी माझे तीन कोरे कागद घट्ट धरले.

"आधी तुम्ही, सर."