बंद पाकिटाची साक्ष

आमच्या काकांसारखा परोपकारी माणूस तुर्भ्यापासून तळोज्यापर्यंत शोधून सापडायचा नाही. सरकारने शेत घेऊन बदल्यात भूखंड दिला, तेव्हा ऑफिसांचे खेटे घालायला वडिलांचे हे सख्खे धाकटे भाऊ आपणहून पुढे आले. वडिलांनी भूखंडाचे कागद आणि सह्या केलेले कोरे स्टॅम्प पेपर एका पाकिटात घातले आणि गावदेवीसमोर नारळ फोडून त्यांच्या हातात दिले. पावती घेतली नाही. सख्ख्या भावाकडे पावती मागायची म्हणजे त्याला चोर म्हणायचं, आणि आमच्याकडे हा शब्द चोरी झाल्यानंतरच वापरतात.

काकांनी खेटे घातले, भूखंड परस्पर बिल्डरला विकला आणि गावभर सांगत सुटले, "प्लॉट दादानीच इकला, आन आता नाव माजा घेतय." भूखंडापेक्षा वडिलांना हे जास्त लागलं. आपण खोटारडे नाही, एवढंच त्यांना गावाला दाखवायचं होतं.

केस उभी राहिली. साक्षीदार दोनच, गावदेवी आणि मी. देवीला समन्स निघत नाही, म्हणून मी गेले. काकांच्या वकिलाने विचारलं, काकांना दिलं तेव्हा पाकिटात काय होतं ते तुम्ही पाहिलं? मी शाळेत मूल्यशिक्षण शिकवते. बाणेदारपणे म्हणाले, "पाकीट बंद होतं." स्वतःच्या सत्यवचनाने मी त्या दिवशी अगदी भारावून गेले होते.

खालच्या कोर्टाने तरीही काकांना विश्वासघाताबद्दल शिक्षा ठोठावली. काकांनी अपील केलं, शिक्षेला स्थगिती आणली आणि दरम्यान मंदिर समितीचे खजिनदारही झाले. अशा कामाला अनुभवी माणूस लागतोच. वरच्या कोर्टाने नेमकं माझं तेवढं एक वाक्य उचललं. कागद सोपवल्याचं निःसंशय सिद्ध होत नाही, सबब निर्दोष मुक्तता.

गावात पेढे वाटले गेले. आमच्याकडेही आले, कारण काका कुणाला वगळत नाहीत. आता जो तो म्हणतो, म्हाताऱ्याने कागद दिलेच नव्हते, कोर्टानेच सांगितलं.

वडील हल्ली नाक्यावर जात नाहीत. त्यांच्यासमोर बसायची मला लाज वाटते. परवा जेवताना ते म्हणाले,

"पोरी, मी त्याला कागद दिलते ना?"

"हां बाबा. त्या दिवशी सकाळी माझ्यासमोरच तर पाकिटात भरले तुमी."

त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"मंग कोर्टान ह्या का नाय बोललीस?"

"कोणी विचारलं नाही," मी म्हणाले.