रूपाचं मत

पुंडलिकराव दाभाडे हा माणूस साहेबरावांना फारसा माहीत नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. मुकुंदवाडीच्या बसथांब्यामागं चहाची टपरी आहे. तिथं रोज सकाळी दोघं शेजारी शेजारी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसायचे, एवढीच ओळख. साहेबराव एसटीत कंडक्टर होते, मूळचे कन्नडकडचे, धनगराच्या घरातले. पुंडलिकराव वाळूजच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. कैक वर्षं असे बसले असतील. पण साहेबराव पुंडलिकरावांच्या घरी पहिल्यांदा गेले ते पुंडलिकराव वारल्यावर. दारात त्यांच्या बायकोनं, मालनबाईनं विचारलं, "तुम्ही कोण म्हणायचे?"

साहेबराव म्हणाले, "टपरीवरचा."

"कंडक्टर व्हय," म्हणत ती बाजूला सरली. म्हणजे या घरात आपलं नाव निघत होतं तर.

दोघांचा नमस्कारही उलटा होता. सुरुवातीला साहेबराव 'राम राम' म्हणत आणि पुंडलिकराव 'जय भीम'. मग कधीतरी साहेबराव 'जय भीम' म्हणायला लागले आणि पुंडलिकराव 'राम राम'. ठरवून काही झालं नव्हतं. पुढचं बोलणंही बेताचंच असायचं. गुडघे, नळाला पाणी किती दिवसांनी आलं, आणि पेपर.

पेपर मात्र सर्जेरावांच्या ताब्यात. हे टपरीवरचे तिसरे म्हातारे, आवाज मोठा. बातम्या स्वतःपुरत्या वाचणं त्यांना जमत नसे. परदेशाच्या पानावर आले की ते पुंडलिकरावांकडं वळायचे, कारण पुंडलिकरावांची मुलगी रूपा इंग्लंडात पीटरबरो गावी नर्स आहे.

"ऐका दाभाडे. तुमच्या सायबाला पस्तावा झालाय. युरोपच्या संघातून बाहेर पडलो ते चुकलं, असं निम्म्याहून जास्त लोक म्हणतात आता. महागाई वाढली, दवाखान्यात माणसं मिळंनात. बाकीचे म्हणतात, पडलो तेच बरं. घराघरात भांडणं."

पुंडलिकराव एरवी सर्जेरावांचं एक वाक्य खाली पडू द्यायचे नाहीत. या बातमीला मात्र ते कपात बघत बसायचे. त्याचं कारण साहेबरावांना लोकसभेच्या मतदानादिवशी कळलं.

मे महिना होता, ऊन सकाळपासूनच तापलेलं. पुंडलिकराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले, बोटाला शाई.

"कुणाला टाकलं?" सर्जेरावांनी विचारलं.

"सांगायचं नसतं."

"न सांगायला काय, तुमची मतं कुठं जातात ते सगळ्या शहराला ठाऊक आहे."

"मंग विचारता कशाला? पेपर वाचा."

सर्जेराव पेपर खुर्चीवर आपटून मतदानाला निघून गेले. पुंडलिकराव बराच वेळ बोटाची शाई चोळत बसले. मग आपणहून बोलायला लागले.

त्यांच्या घरात एक रीत होती. त्यांच्या वडिलांनी, सोनाजींनी घालून दिलेली. मताच्या दिवशी आंघोळ करायची, धुतलेलं पांढरं नेसायचं, बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडायचे आणि जायचं. आल्यावर कुणी कुणाला विचारायचं नाही. बापानं लेकाला नाही, नवऱ्यानं बायकोला नाही. सोनाजी लोकांच्या शेतावर राबणारा माणूस. मालक सगळ्या गड्यांना गाडीत घालून मतदानाला न्यायचा आणि वाटेत कुणावर शिक्का मारायचा ते सांगायचा. म्हणून सोनाजी गाडीत बसत नसत, पायी जात.

"मालननं आजवर कुणाला दिलं, मला ठाव नाय," पुंडलिकराव म्हणाले. "तिलाबी माझं नाय. रीत एकदाच मोडली. रूपापाशी."

आठ वर्षांपूर्वी रूपाचा फोन आला होता. बाबा, हे लोक युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर मतदान घेतायत. आपण भारताचे, पण भारत कॉमनवेल्थ देशांत आहे आणि मी इथं राहते, म्हणून मलाही मत आहे. पुंडलिकरावांना खरंच वाटेना. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं, त्यांच्या देशाचं काय करायचं हे आपल्या पोरीला विचारतायत. ते दोन दिवस सगळ्या आळीला सांगत फिरले. मग रूपानं विचारलं, "बाबा, काय करू?"

तिथं त्यांनी म्हणायला हवं होतं, तुझं तू बघ. पण कंपनीत कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की युरोपवाल्यांना तिथं व्हिसा लागत नाही, म्हणून आपल्या पोरांचा नंबर लागत नाही. ते गेले की आपली वाट मोकळी. पुंडलिकरावांच्या डोळ्यांसमोर धाकटा मुलगा आकाश आला. ते म्हणाले, "बाहेर पडायचं, त्यालाच दे."

रूपानं बापाचं ऐकलं.

तिच्या वॉर्डात मारिया म्हणून पोर्तुगालची नर्स होती. रूपाच्या बाळंतपणात ती सगळी रात्र उशाशी बसली होती. इथून कुणाला जाता आलं नव्हतं. निकाल लागला त्याच आठवड्यात एका पेशंटनं मारियाला विचारलं, तू कधी निघतेस? ती रूपाच्या गळ्यात पडून रडली. आपण कशाला मत दिलं ते रूपानं तेव्हा सांगितलं नाही. पुढं राहवेना, तेव्हा सांगितलं. थोड्या महिन्यांनी मारियानं नोकरी सोडली आणि आपल्या देशाला निघून गेली.

"तवा रूपाचा फोन आला. म्हणली, बाबा, तुम्ही सांगायला नको होतं. भांडली नाय. पण तवापासनं फोन आईलाच. 'बाबा बरे आहेत ना', एवढं विचारती. मी बाजूलाच बसलेला असतोय. आता तसलेच पेशंट रूपाला विचारत्यात, तू कधी निघतीस."

"आणि आकाश?"

"त्यानं पासपोर्टबी काढला नाय. बिडकीनला नोकरीला लागला. म्हणतो, मला कुठं जायचं होतं?"

सर्जेराव केव्हाच परत येऊन मागं ऐकत उभे होते. शाई दाखवत ते म्हणाले, "अहो, साडेबारा लाखांच्या वर मतांचा फरक होता तिथं. तुमच्या रूपाच्या एका मतानं काय सायबाचं घर फुटलं नाही."

"सायबाचं नसंल," पुंडलिकराव म्हणाले.

साहेबरावांना काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी दोन कट चहा सांगितले. पैसे द्यायला पुंडलिकरावांनी हात पुढं केला तो त्यांनी मागं सारला, एवढंच.

जुलैच्या सुरुवातीला पुंडलिकराव उशिरा आले. खुर्चीत बसताना गुडघ्याला हात लावला नाही, तेव्हाच साहेबरावांना वाटलं काहीतरी वेगळं आहे.

"रूपाचा फोन आलता. मला."

"तुम्हाला?"

"माझ्याच फोनवर. तिकडं निवडणूक आहे ना आज. एक पार्टी म्हणती बाहेरच्यांना हाकला, दुसरी म्हणती कमी करा. म्हणली, बाबा, लई कटाळा आलाय, कुणीच आपलं वाटत नाय. काय करू?"

साहेबरावांनी कप खाली ठेवला.

"मी म्हणलं, तुझं तू बघ."

"मग?"

"मला वाटलं, ठेवला फोन. मंग म्हणली, गुडघा कसाय? गुडघ्यावरच बोललो किती येळ. शेक घ्या म्हणली, मालिश नको. मारियाचं नाव तिनं काढलं नाय, मीबी नाय काढलं."

एवढं बोलून ते दमल्यासारखे खुर्चीत मागं टेकले. सुटल्याचा आनंद वगैरे चेहऱ्यावर नव्हता. आठ वर्षं ओझं उचलून माणूस बसला की आधी नुसता थकवाच दिसतो. नेमकं काय होतं ते साहेबरावांना सांगता यायचं नाही. विचारायला हवं होतं, पण त्यांना वाटलं, उद्या विचारू.

त्या रात्री पुंडलिकराव झोपेतच गेले. साहेबराव कधी कधी तो शेवटचा निरोप आठवून पाहतात, त्यात काही राहिलंय का म्हणून. काहीच नव्हतं. बसच्या हॉर्नवर साहेबराव उठले होते आणि म्हणाले होते, "निघतो. जय भीम."

"राम राम. उद्या येताना पेपर आणा, कंडक्टर."

"निकाल बघायचा का तिकडचा?"

"नाय हो. कोड्याचं पान तेवढं मला द्या. बाकीचं वाचू द्या सर्जेरावला."