पाठच्या डेकवरचे दोघे

सोनू धर्मा तांबे १९९६च्या जून महिन्यात, एका मंगळवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास, उल्हासनगरच्या कॅम्प चारमधील आपल्या खोलीत वारले. वय त्र्याहत्तर. बातमी मला हिरालालने फोनवर दिली. लष्कराच्या जुन्या बराकीच्या पुढच्या अर्ध्या भागात हिरालालचा पँट शिवण्याचा कारखाना आहे. मागच्या अर्ध्या भागात तांबे एकटे राहत. "साईं, काका गेले," तो म्हणाला. "चाय ठेवली होती, तशीच राहिली. डायरीत तुमचा नंबर सगळ्यात वर होता, म्हणून पहिला तुम्हाला लावला."

त्या डायरीत माझा नंबर गेला तो एका तक्रारीमुळे. १९८७च्या डिसेंबरात बदलापूरच्या इतिहास मंडळाने वाचनालयाच्या सभागृहात एक सभा घेतली होती. दुसऱ्या महायुद्धात नौदलात असलेले, आता अंबरनाथ-बदलापूर-उल्हासनगर भागात राहणारे दहा-अकरा जण तिथे आठवणी सांगणार होते. मी स्थानिक वार्ताहर म्हणून गेलो. सभेचा खरा हेतू यादी करण्याचा होता. जे सोबती परत आले नाहीत त्यांची नावे गोळा करून वाचनालयात फलक लावायचा. त्यासाठी मंडळाचे चिटणीस, निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत, त्यांनी एक सोपी रीत काढली होती. जहाजावर एका टेबलाशी जेवणाऱ्या दहा-बारा जणांच्या गटाला मेस म्हणत. प्रत्येकाने आपल्या मेसमधले चेहरे टेबलाभोवती एकेक करून आठवायचे आणि गेलेल्यांची नावे सांगायची. रीत चांगली होती. चाळीस वर्षांपूर्वीची नावे माणसे भराभर सांगत होती, कोण कुठे बसायचा, कोण आमटीत मिरची मागायचा, सगळे निघत होते. अकरा नावे झाली.

तांबे शेवटी बोलले. ते जहाजावर टोपास होते. टोपास म्हणजे संडास, मोऱ्या आणि डेक साफ करणारा माणूस. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या एका लहान जहाजावर असे दोघे होते, ते आणि भिकाजी रामा गमरे. एका दुपारी विमानातून गोळीबार झाला त्यात भिकाजी गेला. "आम्ही कुणाच्या मेसमध्ये नव्हतो," तांबे म्हणाले. "आम्हाला पाठच्या डेकवर वाढायचे. दोघंच होतो. त्याचं नाव मला ठाऊक, माझं त्याला ठाऊक. तिसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं." ते खाली बसले. माझी बातमी अठ्ठावीस ओळींची होती. जागा कमी पडली की बातमी शेवटाकडून कापतात. कापलेल्या सहा ओळी तांब्यांच्या होत्या. तिसऱ्या दिवशी ते कात्रण घेऊन कार्यालयात आले, ते टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "तुम्ही होतात ना तिथे?"

त्यानंतर साडेआठ वर्षे ते त्या एका नावासाठी फिरले. मंडळाचा नियम होता की एकाच्या सांगण्यावरून नाव लिहायचे नाही. जहाजावरच्या दोघांनी सांगितले पाहिजे. नियमाला कारणही होते. पूर्वी दुसऱ्या एका यादीत एकाने आपल्या चुलतभावाचे नाव असेच घुसवले होते. तांब्यांना दुसरा साक्षीदार हवा होता आणि तो बदलापुरातच होता. सुर्वे त्याच जहाजावर स्टोकर, म्हणजे बॉयलरची भट्टी सांभाळणारे, होते. पुढच्या सभेत गुरुजींनी त्यांना उभे केले. सुर्व्यांनी सगळे सांगितले. विमान कुठून आले, भिकाजीच्या हातात बादली होती, अंगावर तंबूचे कापड टाकून त्याला कसे समुद्रात सोडले. नावाशी आल्यावर थांबले.

"टोपास होता एक... नाव काय ते आपण कुठे विचारायचो? 'ए टोपास' म्हटलं की दोघांतला जो जवळ असेल तो यायचा."

"भिकाजी," तांबे म्हणाले.

"असेल. पण मला आठवत नाही ते मी आठवतं म्हणून कसं सांगू? तूच सांग, तांबे." मग सुर्वे हसले. "तुझं नाव घालू का त्यापेक्षा? ते पाठ झालंय आता."

सभागृह हसले. तांबेही थोडे हसले. "माझं मेल्यावर बघा," ते म्हणाले. "तो आधी गेलाय."

गुरुजींनी तोडगा काढला. माणूस गेला याला दोन साक्षीदार आहेत, नावाला एकच आहे, तेव्हा फलकावर 'एक टोपास' असे लिहावे. सगळ्यांना ते योग्य वाटले. तांब्यांनी नको म्हटले. "ती हाक आहे, गुरुजी. हाक आम्ही जहाजावर ऐकली तेवढी पुरे. नाव नसेल तर ओळ नको." ही हरकत इतिवृत्तात नोंदली गेली. १९८९ साली अकरा नावांचा फलक लागला.

त्यानंतर तांबे मंडणगडकडच्या भिकाजीच्या गावी दोनदा गेले. पहिल्या खेपेला कुणी भेटले नाही. दुसऱ्या खेपेला भिकाजीची धाकटी बहीण भेटली, सासरच्या गावी, दृष्टी अधू झालेली. तिने शाळेच्या मास्तरांकडून पत्र लिहून घेतले आणि खाली अंगठा उठवला. माझा भाऊ भिकाजी जहाजावर गेला तो आला नाही, एवढाच मजकूर. "ती मला विचारत होती," तांबे मला म्हणाले, "सख्ख्या भावाचं नाव सांगायला साक्षीदार कशाला पाहिजे? मी काय सांगणार... म्हटलं, मेस नव्हती ना आपल्याला." पत्र मंडळात दिले. बहीण जहाजावर नव्हती, म्हणून ते साक्ष धरता येत नाही, असे गुरुजींनी अतिशय सौजन्याने कळवले. पत्र फाइलला लावले. सुर्वे चौऱ्याण्णवमध्ये वारले. गेल्या वर्षी तांब्यांनी मला शेवटचे विचारले ते एवढेच, की वृत्तपत्रात नाव छापायला किती साक्षीदार लागतात. मी सांगितले, एकही लागत नाही, पण बातमीला निमित्त लागते.

जुलैत मंडळाने तांब्यांची शोकसभा घेतली. दहा माणसे होती, हिरालाल धरून. गुरुजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते मनापासून बोलले. तांब्यांची एक इच्छा अपुरी राहिली होती, ती मंडळाने पूर्ण करावी, असा ठराव त्यांनी मांडला आणि तो एकमताने झाला. हिरालालने मला हळूच विचारले, "काकांचं काम झालं ना?" मी ठरावाचा मजकूर वाचायला मागितला. तो तयार व्हायचा होता.

फलक नव्याने रंगवून घेण्यात आला. गेल्या रविवारी मी तो पाहिला. त्यावर बारा ओळी आहेत. पहिल्या अकरा पूर्वीच्याच क्रमाने आहेत. बारावी ओळ 'एक टोपास' अशी आहे.